परीक्षेचा पाय

माझ्या डाव्या पायावर आजवर बरेच डॉक्टर पास झाले आहेत. काही नापासही झाले, पण त्यात पायाचा दोष नाही. पायानं आपलं काम चोख केलं होतं.

हा पाय जन्मापासून आत वळलेला आहे. तळवा जमिनीकडं बघायचं सोडून शेजारच्या पायाकडं बघतो, टाच वर राहते आणि मी चालतो पावलाच्या बाहेरच्या कडेवर. त्या कडेला इतक्या वर्षांत असा घट्टा पडलाय की खिळा टोचला तरी मला उशिरा कळतं. डॉक्टर लोक याला क्लबफूट म्हणतात. आमच्या गल्लीत काय म्हणायचे ते सांगत नाही, कारण ते म्हणणारे आता माझ्यासारखेच काठी घेऊन फिरतात आणि मला त्यांची दया येते.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी घडी खात्यात होतो. टॉवेल तपासायचा, घडी घालायची, गठ्ठा बांधायचा. बसून काम असल्यामुळं पायानं नोकरीत कधी अडवलं नाही. रिटायर व्हायच्या आधी गुडघा दुखायला लागला म्हणून दवाखान्यात गेलो, तर हाडांचे मोठे डॉक्टर गुडघा सोडून पावलाकडंच बघत बसले. त्यांनी आणखी दोघांना हाक मारली. मग तिघं मिळून बघत बसले. शेवटी मोठे डॉक्टर म्हणाले, "काका, असा अजिबात इलाज न झालेला पाय आता मोठ्या माणसात बघायला मिळत नाही हो. परीक्षेला याल का?"

डॉक्टरकीच्या परीक्षेत नुसते पेपर नसतात. खरा पेशंट खाटेवर बसवतात. पोरांनी त्याला तपासायचं, चार प्रश्न विचारायचे आणि परगावाहून आलेल्या परीक्षकांना सांगायचं की याला काय झालंय. अशा पेशंटला 'केस' म्हणतात. सर्दी-खोकलावाल्याला कुणी केस करत नाही. त्यासाठी अंगात काहीतरी खास लागतं, आणि माझ्या अंगात ते अंगठ्यापासून टाचेपर्यंत होतं.

तेव्हापासून दर परीक्षेला मला बोलावणं येऊ लागलं. जायचं यायचं रिक्षाभाडं आणि दुपारचं जेवण. मी आदल्या दिवशी पायाला खोबरेल लावायचो, नखं काढायचो, इस्त्रीची पँट काढून ठेवायचो. बायको तेव्हा होती. ती म्हणायची, "लग्नात बी एवढं नटला नव्हता." खोटं नव्हतं. लग्नात मी पाय धोतरात लपवला होता, इथं पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसायचो.

एकदा परगावचे एक परीक्षक माझं पाऊल हातात घेऊन पोरांना म्हणाले, "सुंदर केस आहे." अख्ख्या आयुष्यात मला सुंदर म्हणणारा हा पहिला माणूस. घरी येऊन मी हे चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा सांगायला लागलो तेव्हा बायकोनं कुकरची शिट्टी होऊ दिली, गॅस काही बंद केला नाही.

केसनं उत्तर फोडायचं नाही असा नियम असतो. मी उघड कधी फोडलं नाही. पण एखादी पोर घाबरून थरथरायला लागली की मी आपली पोटरी कुरवाळायचो, म्हणजे तिला आठवावं की पोटरी मोजायची असते, वाकड्या पायाची बारीक भरते. प्रश्न सगळे मला पाठ झाले होते. लहानपणी इलाज कसा करतात, तर आठवड्याला एक असं पाच-सहा वेळा प्लास्टर. मग टाचेमागची आखडलेली शीर कापून सोडवतात. मग बूट. आणि नीट झालेला पाय परत का वळतो, तर घरचे लोक बूट घालत नाहीत म्हणून. हे उत्तर मी खाटेवर बसून इतक्या पोरांच्या तोंडून ऐकलंय की झोपेत विचारलं तरी सांगीन. अर्धा डॉक्टर झाल्यागत मी गल्लीत लोकांचे गुडघे तपासायला लागलो होतो.

बायको गेली. मग दोन वर्षांनी मला नात झाली.

सून मूळची सांगोल्याची, मोहोळजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. बाळंतपणाला ती माहेरी गेली होती. मुलाचा फोन आला, "पोरगी झाली. बरी हाय. पण पप्पा, डावा पाय तुमच्यासारखा हाय." त्याचा आवाज बसला होता.

आता खरं सांगतो, आणि हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला पहिल्यांदा आनंद झाला. नाक सुनेच्या आईचं असेल, रंग मुलाचा असेल, पण पाय माझा. एवढ्या मोठ्या जगात कुणीतरी माझं काहीतरी घेतलं. हा आनंद फार तर मिनिटभर टिकला असेल. मग त्या पायानं मी कुठं कुठं मागं राहिलो ते सगळं आठवलं. पण मिनिटभर झाला होता, हे नाकारता येत नाही.

सांगोल्याला गेलो तेव्हा सुनेची आई रडत होती. ग्रहणात हिनं भाजी चिरली, म्हणून असं झालं, असं तिचं म्हणणं. मी पँट वर करून म्हणालो, "माझ्या आईनं पण चिरली असणार मग." कुणी हसलं नाही. सून मला मामा म्हणते, आमच्याकडं सासऱ्याला तसंच म्हणतात. ती म्हणाली, "मामा, हिचा पाय सरळ होतो ना? तुम्ही दवाखान्यात जाता, तुम्हाला ठाऊक असणार." मी छाती काढून इलाजाचा अख्खा धडा म्हणून दाखवला. ती एकेक गोष्ट मोबाईलमध्ये लिहून घेत होती.

सव्वा महिना झाल्यावर ती बाळाला घेऊन सोलापूरला आली आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही दवाखान्यात. मोठे डॉक्टर तेच, माझ्या ओळखीचे. त्यांनी नातीचं पाऊल बोटांनी हळूच बाहेर वळवून पाहिलं आणि म्हणाले, "मऊ आहे. होईल सरळ." सहा आठवडे सहा प्लास्टरं. दर आठवड्याला पाय थोडा थोडा बाहेर येत गेला. मग शीर सोडवली, परत तीन आठवडे प्लास्टर. ते उतरवलं त्या दिवशी नातीचा पाय सरळ होता. तळवा तळव्यासारखा. मी तो हातात धरून किती वेळ बसलो होतो कोण जाणे, शेवटी नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, मागं लाईन हाय."

मग बूट आले. दोन छोटे बूट, मधे एक पट्टी, पावलं बाहेरच्या बाजूला फिरवून जखडलेली. डॉक्टरांनी सुनेला आणि मला समोर बसवून सांगितलं, "तीन महिने दिवसरात्र. तेवीस तास. अंघोळीपुरते काढायचे. नंतर फक्त झोपेत, पण ते चार वर्षांची होईपर्यंत. बूट सोडले की पाय परत फिरतो. काका, तुम्हाला वेगळं सांगायला नको." मी मान डोलावली. मला खरंच वेगळं सांगायला नको होतं.

दीड महिना सुनेनं घड्याळ लावून सांभाळलं. मग तिची रजा संपली. ती सकाळी नऊच्या एसटीनं मोहोळकडं जायची आणि साडेसहाला परत. मुलगा कारखान्यात दिवसपाळीला. घरात मी आणि नात. दूध, पेज, झोळी, सगळं मला जमत होतं. सून जाताना रोज विचारायची, "मामा, बुटाकडं लक्ष ठेवाल ना?" मी म्हणायचो, "तू नको मला शिकवू. या विषयात मी परीक्षकांना शिकवतो."

पहिल्या दोन दिवसांतच माझी परीक्षा झाली. नात अकराच्या सुमारास रडायला लागायची. साधं रडणं नाही. दोन्ही पाय एकदम उचलायची, पट्टी जमिनीवर आपटायची, लाल व्हायची, आणि मधेच थांबून माझ्याकडं बघायची. त्या बघण्यानं माझा जीव अर्धा व्हायचा. तिसऱ्या दिवशी मी पट्टे सोडले. म्हटलं, दहा मिनिटं. बूट निघाल्याबरोबर ती गप्प झाली, पाय झाडले आणि माझ्याकडं बघून हसली. मी तिच्या पावलाला तेल लावलं. मऊ, सरळ, माझ्या हातात मावणारं पाऊल. दहा मिनिटांचा अर्धा तास झाला, अर्ध्या तासाचे दोन तास. आठवड्याभरात आमचा दोघांचा करार होऊन गेला. अकराला बूट काढायचे, पाचला घालायचे. आई आली की आम्ही दोघं शहाण्यासारखे बसलेले.

बरं, मला माहीत नव्हतं असं नाही. तीच तर गंमत. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला झाडला असता. पण मला वाटायचं, एवढा सरळ झालेला पाय दिवसा थोडा मोकळा ठेवला तर काय बिघडणार. डॉक्टर सगळ्यांना जरा वाढवूनच सांगतात. अर्धा डॉक्टर असल्याचा हा फायदा, की माणूस आपल्याच उत्तराला अपवाद काढू शकतो. आणि खरं कारण याहून लहान होतं. ती माझ्याकडं बघून हसायची. दुसरं कोण हसतं हो मला बघून, म्हणजे चांगल्या अर्थानं?

तीन महिने पूर्ण झाले, तपासणीला गेलो. मी ऐटीत. डॉक्टरांनी पाऊल वर दाबलं, परत दाबलं. त्यांचा चेहरा बदलला. टाच पुरती खाली येत नव्हती आणि पुढचा पंजा आत झुकायला लागला होता. त्यांनी सुनेला विचारलं, "बूट घालत होता का?"

"हो. रोज."

"तेवीस तास?"

"हो सर. मी शाळेत असते तेव्हा मामा असतात."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातच आलं नाही. ते सुनेला म्हणाले, "ताई, मग पट्टे सैल बांधत असाल. टाच बुटात नीट बसली नसेल. असं आपोआप होत नाही." तीन आठवडे परत प्लास्टर सांगितलं, आणि त्यानं नाही जमलं तर मोठं ऑपरेशन लागेल म्हणाले. सून मान खाली घालून म्हणाली, "माझंच चुकलं असणार. सकाळी घाई असते."

मी बाकड्यावर मूग गिळून बसलो.

हे लिहिताना पेन अडतंय. आतापर्यंत जे सांगितलं ते म्हाताऱ्याचा वेडेपणा म्हणून खपून जाईल. पण ते बाकड्यावरचं गप्प बसणं खपत नाही. सून तिथंच रडली. घरी येऊन मुलगा तिला बोलला, "एक काम नीट होत न्हाय व्हय तुला?" ती बूट घेऊन बसली आणि पट्टा कितव्या भोकात लावायचा हे पुन्हा पुन्हा करून बघत होती, आपली चूक सापडावी म्हणून. मी ताटातली भाकरी मोडत बसलो होतो. दोन शब्दांचं काम होतं.

माझी आई मला एक गोष्ट सांगायची. मी तान्हा असताना एका हाडवैद्यानं माझा पाय सरळ दाबून वर कामट्या बांधल्या होत्या. मी रडलो, तर तिनं त्याच रात्री त्या सोडून टाकल्या. "लेकरू रडतंय, मला न्हाय बगवत," असं ती म्हणाली होती म्हणे. तिला त्याचा अभिमान होता आणि मलाही. आपल्या आईची माया किती, याचा दाखला म्हणून मी ही गोष्ट लोकांना सांगत आलो. त्या आठवड्यात पहिल्यांदा मला तिचा राग आला. एवढ्या वयात, ती जाऊन इतकी वर्षं झाल्यावर. मग लक्षात आलं की मी तिच्यावर रागावतोय म्हणजे नातीला मोठं झाल्यावर माझ्यावर रागवायची सोय करून ठेवतोय.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या प्लास्टरला गेलो, तेव्हा डॉक्टरांभोवती शिकणारी पोरं होती. डॉक्टरांनी एका पोरीला सांगितलं, "हिस्टरी घे." म्हणजे घरच्यांना विचारून सगळी हकीकत लिही. ती पोरगी सुनेला विचारू लागली आणि लिहू लागली. पाय परत का वळला, तिथं येऊन ती थांबली. सून म्हणाली, "लिहा, आईनं बूट नीट घातले नाहीत."

पोरीनं पेन टेकवलं.

"थांब पोरी," मी म्हणालो. "चुकीचं लिहू नको. रोज अकरा ते पाच बूट काढलेले असायचे. मी काढायचो."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बघून घ्यायची मला सवय आहे, पण तेव्हा पँट दुमडलेली नव्हती आणि तरीही उघडं पडल्यागत झालं. डॉक्टर म्हणाले, "काका, तुम्ही?" त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती पोरगी विचारत होती, "रोज सहा तास का, बाबा? किती आठवडे? कारण काय?" आणि मी एकेक उत्तर देत होतो. कारण काय, याला मी म्हणालो, "ती रडायची." पोरीनं ते तसंच लिहून घेतलं.

घरी आल्यावर बाळाला झोळीत टाकून सून माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. ती हळू आवाजात म्हणाली, "मामा, मी आठ दिवस स्वतःला आई म्हणायला लाजत होते. तुम्ही रोज बघत होता." माफ कर असं म्हणालो की नाही तेही आठवत नाही. म्हणालो असलो तरी ऐकू गेलं नसेल.

तिसरं प्लास्टर उतरलं तेव्हा टाच खाली आली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेत सापडलं, ऑपरेशन नको, पण तीन महिने पुन्हा पहिल्यापासून तेवीस तास. सुनेनं बिनपगारी रजा टाकून एक महिना काढला. मग शाळेतून निरोप आला. मी म्हणालो, पाळणाघर बघ, मला वाईट वाटणार नाही. हे साफ खोटं होतं. तिनं दोन पाळणाघरं बघितली, तिथं बूट बघूनच नको म्हणाले. शेवटी एका सकाळी तिनं बाळाला बूट घातले आणि बॉलपेननं पट्ट्यावरून मोज्यावर एक रेघ ओढली. पट्टा सोडला तर रेघ जुळणार नाही. माझ्यादेखत ओढली, लपवून नाही. मास्तरीणच ती. मला राग यायला हवा होता, पण हायसं वाटलं. निदान परत संधी तरी दिली.

त्या दिवशी अकराला नात रडायला लागली. पट्टी आपटली, लाल झाली, थांबून माझ्याकडं बघितलं. मी तिला मांडीवर घेतलं, उभं धरलं, खिडकीतून बकरी दाखवली, तोंडानं तऱ्हतऱ्हेचे आवाज काढून दाखवले. पाऊण तास ती रडली. मग मीही रडायला लागलो, तर ती गप्प होऊन माझं तोंड बघत राहिली. संध्याकाळी सुनेनं आल्या आल्या रेघ बघितली. "जेवला का?" एवढंच विचारलं. महिनाभर ती रोज रेघ ओढायची आणि रोज बघायची. एके दिवशी घाईत ओढायची राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली. मला काही विचारायची छाती झाली नाही.

आता बूट फक्त झोपेत असतात. परवा सकाळी सून आत पोळ्या लाटत होती आणि नात माझ्या खुर्चीला धरून उभी होती. मी खाली वाकून तिच्या टाचेकडं बघत होतो, ही माझी सवयच झालीय. दोन्ही टाचा फरशीवर टेकलेल्या. तिनं खुर्ची सोडली. एक पाऊल टाकलं, मग दुसरं, मग माझ्याकडं पाठ करून दाराकडं निघाली. थबकत, डुलत, पण तळवा अख्खा टेकवत. मी काठीला हात घालेपर्यंत ती उंबऱ्यापाशी होती, आणि उठून उभा राहीपर्यंत उंबरा धरून पलीकडं उतरली होती.

आतून सून ओरडली, "मामा, धरा की तिला."

"कुठली धरतोय मी," मी म्हणालो. "तू ये."